लंगडी चाल

आमचे शेजारी मोहिलेसर दारावर येणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी दुरुस्त करतात. “भींडा... रींगणां...” अशी हाक आली की हे गॅलरीतून ओरडतात, “रींगणां नीचां पडे छे! उपर लो!” भाजीवाला वैतागतो. “काका, भाव पूछो ने, सूर शूं काम पूछो छो?” आणि मग मुकाट्याने वरच्या सुरात वांगी विकतो.

सर मूळचे बडोद्याचेच; घरात मराठी, बाहेर गुजराती. उभी हयात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. निवृत्तीनंतर नापास करायला सुटे भाग मिळेनात, म्हणून त्यांनी आमच्या शाळेत दर मे महिन्यात नववी ते बारावीच्या मुलांसाठी गाणी लिहिण्याचा आणि चाली लावण्याचा वर्ग काढला. मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. हॉलची किल्ली माझ्याकडे, म्हणून माझी सुट्टीही त्यात जाते.

वर्गाचे नियम कडक. चंद्र, पाऊस आणि दिल गाण्यात चालणार नाहीत. “घरमां जे छे ते लखो!” यंदा एकाने मिक्सरवर गाणं केलं, एकीने आजोबांच्या कवळीवर. सर डोळे गच्च मिटून ऐकतात. मुलं येतात, गातात, जातात. यांचे डोळे उघडतात ते थेट वहीवर.

शनिवारी पालकांसमोर कार्यक्रम होता. बुधवारी ध्रुवी गायली. ही करजणहून बसने येणारी अकरावीतली मुलगी. बसमध्ये आपल्याला न विचारताच सगळे जागा देतात, एकदा तरी उभं राहू द्या, असं तिचं गाणं होतं. सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “शब्दो सरस छे, बेटा. पण तारी चाल लंगडी छे. लोकोनी सामे आवी चाल लईने जईश?”

सर मान खाली घालून आपल्या वहीत शेरा लिहू लागले. ध्रुवीने तिची वही मिटली आणि एक पाय ओढत ती निघून गेली.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही.

“एवढं काय बोललो मी?” सर चिडले. “चालीला चाल नाही तर काय म्हणायचं?”

माझा पारा चढला. “सर, ती चाल मराठीत! गुजरातीत चाल म्हणजे चालणं. आणि ती पोर लहानपणापासून लंगडते.”

“लंगडते?” सरांनी पहिल्यांदाच वही बाजूला ठेवली. तीन आठवडे त्यांनी तिला फक्त ऐकलं होतं. “वहिनी, करजणची बस कुठून सुटते हो?”

वाटेत माझ्याशेजारी बसून ते माफीचं गुजराती वाक्य घोकत होते. दार ध्रुवीच्या आईने उघडलं, आणि सर ते वाक्य साफ विसरले. मग भर उंबऱ्यात उभं राहून ध्रुवीचंच गाणं गायला लागले. एकदाच ऐकलेलं, पण शब्दन्शब्द पाठ.

“सर, बीजी लाइन खोटी गाओ छो,” आतून आवाज आला. मागोमाग ध्रुवी आली.

“माफ कर, बेटा. हुं गीतनी चाल कहेतो हतो. मराठीमां एने चाल ज कहेवाय.”

ध्रुवीने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान डोलावली. ती आधी ओठ दाबून हसली, मग खदखदून. माझा जीव भांड्यात पडला.

चहा घेताना तिने विचारलं, “सर, तमे कोई गीत बनाव्युं छे?”

सरांनी कप खाली ठेवला. “एक छे. घरवाळी माटे. चाल पक्की झाली की ऐकवतो म्हणायचो तिला.” गुजराती कधी सुटलं, त्यांना कळलंच नाही. “कायम काहीतरी खोट निघायची. ती गेली, वहिनी. ऐकायचं राहिलं.”

ध्रुवीला मराठी फारसं येत नाही. पण तिने पंखा बंद केला आणि म्हणाली, “गाओ.”

सर गायले. खरं सांगते, चाल बेताचीच होती. दुसऱ्या कडव्यात आवाज चिरकला, तेव्हा ध्रुवीने हलकेच सूर धरला आणि त्यांना पुढे नेलं.

“काले कार्यक्रममां पहेलां तमे गाओ,” ती म्हणाली. “पछी हुं. नहीं तो हुं नथी आवती.”

मी पर्समधून कार्यक्रमाची यादी काढली आणि सगळ्यात वर सरांचं नाव लिहिलं. ते “नको, नको” म्हणत राहिले, पण पेन माझ्या हातात होतं.