दारूकोठारावर वीज उतरविली त्याची हकीकत

श्री. जे तेज मेघांत गर्जते आणि भूमीत निजते, त्यास आधी नमन असो. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सर, ते सालापासोन एका डोंगरी राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे सांगावे, राज्याचे नाव मात्र लिहू नये, ऐसे वडिलांचे सांगणे, सबब लिहिले नाही.

त्या राज्याचे महाराज मानाजीराजे बहुत शूर आणि हासतमुख पुरुष होते. हस्त नक्षत्री तटाची पाहणी करावी ऐसा शिरस्ता, त्याप्रमाणे स्वारी निघाली, समागमे राणी सगुणाबाईसाहेब होत्या आणि मागे भालाईत होते. वेळ तिसरे प्रहरची, परंतु पश्चिमेकडोन ढग चढला तो ऐसा काळा की दिवसा घुबडे बाहेर पडली, आणि वारा एकाएकी थांबला, आणि मग भाल्यांची पाती गुणगुणो लागली, जैसे मधमाशांचे पोळे उठावे. बाईसाहेबांनी वर पाहिले तो महाराजांचे शिरपेचाचे टोकावर निळी ज्योत उभी. वारा नाही तरी हालते, आणि जळते पण जाळीत नाही. महाराज हासोन बोलिले, "बाईसाहेब, पाहा, आज आभाळाने आम्हांस तुरा खोविला!" इतके बोलणे जाहले आणि वीज पडली. डोळे उघडले तेव्हा महाराज उभेच होते, मग हळूच खाली बसले, आणि बसले ते उठले नाहीत. अंगास जखम म्हणोन नाही. छातीवर मात्र तांबडी नक्षी उमटली, जैशा निष्पर्ण झाडाच्या फांद्या.

लोक बोलो लागले की वीज ही देवी, तिने राजा वरिला, आता हा गड तिचे सासर, ती येत जाईल. आणि ती येऊ लागली. पुढले साली झेंड्याचा बुरूज फुटला, मग नगारखान्याची कमान गेली, मग पागेची भिंत उभी चिरली आणि आत घोडी उभ्याउभ्या मेली; आणि पाहावे तो प्रत्येक खेपेस वीज दारूकोठाराकडे सरकत चाललेली. कोठारात तोफांची दारू शिगोशीग भरलेली. ती हलवावी तर सरहद्दीवर शत्रू बसलेला, आणि गडावर दुसरी कोरडी जागा नाही. आणि कोठाराचे खाली उतारावर सारी पेठ वसलेली, लेकुरवाळी माणसे. वीज आत शिरली तर डोंगर उडावा आणि पेठ गाडली जावी. राज्यकारभार बाईसाहेब पाहत होत्या, त्यांनी शांती केल्या, होम केले, आणि ढग दिसला की त्या स्वतः कोठाराचे दारी जाऊन बसत, की जे होईल ते आपले देखत व्हावे.

ऐसे असता किनाऱ्यावरील आरमाराचे सरदार धर्माजीराव पडवळ मुजऱ्यास आले. त्यांस बाईसाहेबांनी निळ्या ज्योतीचे पुसले. धर्माजीराव बोलिले, "ती ज्योत आम्ही समुद्रात डोलकाठीवर पाहतो. दर्यावर ती दिसली की खलाशी बोलणे टाकितात. परंतु टोपीकर फिरंग्यांनी युक्ती काढिली आहे. डोलकाठीचे टोकास लोखंडाची अणी, आणि तेथोन तांब्याची साखळी थेट पाण्यात. वीज अणीवर पडते, साखळीने उतरते आणि समुद्रात विरते. काठीस धक्का नाही. आमचे डोळ्यांदेखत पडली."

"आणि इमारतीस?"

"इमारतीसही तेच. वीज भूमीस भेटो पाहते, बाईसाहेब. दगडालाकडातोन वाट काढावी लागली की फोडिते आणि जाळिते. धातूची सलग वाट दिली तर निमूट जाते. मात्र वाट कोठे तुटो नये, आणि शेवट ओल्या भूमीत असावा."

किल्लेदार जोत्याजी दळवी जवळ उभे होते. पिढीजाद इमानी माणूस, महाराजांचा देह त्यांनीच खांद्यावर खाली आणिला होता. ते कळवळोन बोलिले, "बाईसाहेब, जिने धनी नेला तिला बोट दाखवोन दारूवर बोलवावे? हे तो सापास घरात वाट करणे जाहले!" बाईसाहेब बोलिल्या, "ती न बोलविता येतेच आहे, जोत्याजी. वाट आपण नेमोन देऊ." मग कोठाराचे माथ्यावर उंच सळई उभी केली, आणि तांबटांनी तांब्याची पट्टी ठोकोन भिंतीचे बाहेरोन खालचे विहिरीचे पाण्यात सोडिली, आणि लोक सळई पाहोन दुरोनच हात जोडोन जात.

पुढे आश्विनात तैसाच ढग आला. दिवसा काळोख पडला, वारा थांबला, आणि सारे गडावरील लोखंड गुणगुणो लागले, दारांच्या कड्या, तोफांचे गाडे, कुलुपे. बाईसाहेब कोठाराकडे निघाल्या तो जोत्याजी वाटेत आडवे पडिले आणि पाय धरोन बोलिले, "मज मारावे! मी काल पट्टी तोडिली. देवी खाली उतरो नये म्हणोन तोडिली. आता तुटल्या जागी भिंत निळी जाहली आहे, बाईसाहेब, आणि तडतडते!"

विहिरीवर पोहऱ्याची साखळी होती ती बाईसाहेबांनी उपसोन काढिली आणि धावल्या, मागे जोत्याजी धावले. वर सळईचे टोकास निळी ज्योत हातभर उंच. खाली पट्टीची दोन तोंडे, आणि मधल्या दगडावर बारीक ठिणग्या मुंग्यांसारख्या चालत कोठाराचे झरोक्याकडे जात होत्या. वरचे तोंडास बाईसाहेबांनी साखळी गुंडाळिली, खालचे तोंडास जोत्याजींनी. दोघांचे केस उभे राहिले, दातांत आंबट चव आली, जोत्याजींची गाठ सुटे आणि पुन्हा सुटे. गाठ बसली. तोच बाईसाहेबांस अगदी कानाशी महाराजांचा आवाज आला, हासरा नव्हे, घाबरा: "सोडा, सोडा, मागे व्हा!" त्यांनी हात सोडिला, जोत्याजींनीही त्याच क्षणी सोडिला, दोघे उताराने गडगडत गेली आणि आभाळ फाटले.

वीज सळईवर पडली, पट्टीने उतरली, साखळी पांढरी जाहोन कड्यांतोन ठिबकली, आणि विहिरीतोन मोठा हुंकार निघोन वाफ वर आली. मग पाऊस. कोठार उभे, दारू कोरडी, खाली पेठेत कोणाचे तान्हे मूल रडत होते ते स्पष्ट ऐको आले. बाईसाहेब चिखलात बसल्या आणि त्यांस रडे आले, महाराज गेले तेव्हा जे आले नव्हते ते. मग त्यांनी पुसले, "जोत्याजी, तुम्ही हात का सोडिला?"

जोत्याजींचे एका कानातोन रक्त येत होते. ते बोलिले, "हाक आली, बाईसाहेब."

"महाराजांची?"

"नव्हे. माझे आईची. ती मरोन युग जाहले. लहानपणी चुलीजवळ गेलो की ऐशीच ओरडे."

मग दोघांनी, जेथे मघा हाक ऐकिली त्या भिंतीकडे पाहिले.

बाईसाहेबांनी जोत्याजींस माफी केली आणि किल्लेदारी त्यांजकडेच ठेविली, आणि तुटली पट्टी त्यांजकडोनच नवी, दुप्पट जाड करविली. पुढे देवळांवर, सदरेवर, पेठेतील धान्यकोठारांवर सळया उभ्या राहिल्या. वीज दर साली येत गेली आणि नेमिल्या वाटेने भूमीत जात गेली. त्यानंतर त्या गडावर विजेने मनुष्य मेले नाही. विहिरीचे पाणी मात्र मनुष्ये पीत नाहीत, आणि जनावरेही काठापर्यंत जाऊन परत फिरतात. इतके वर्तमान ठाऊक, ते लिहिले. अधिक ठाऊक नाही.