पितृत्व रजा आणि रबरी बाहुली

मूल होण्यात वडिलांचाही हात असतो, हे आता बहुतेक देशांनी तत्त्वतः मान्य केलं आहे. काही देश त्यासाठी बापाला महिनोन्‌महिने पगारी रजा देतात, काही चार दिवस देतात, तर काही नुसतं अभिनंदन करतात (त्याबद्दल पगार कापत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा).

लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीने या सगळ्यांवर कडी केली. तिथे बापाला सहा महिन्यांची भरपगारी रजा होती. अट एकच: रजा फक्त लायक बापाला. आता लायकी येते अनुभवाने, अनुभव येतो घरी राहून आणि घरी राहायला लागते रजा. हा पेच साहेबलोकांनी चुटकीसरशी सोडवला. बापाने ऑफिसातच, रबरी बाहुलीवर, बापपणाचा सराव करून परीक्षा द्यावी. (आजवर उत्तीर्ण: शून्य. योजनेवर समाधानी: शंभर टक्के. पाहणी साहेबलोकांचीच होती.)

तिथल्याच नकाशे काढणाऱ्या एका ड्राफ्ट्समनला मुलगी झाली. बायकोचे टाके ओले, आई गुडघ्यांनी बेजार. त्याचा सगळा जीव त्या रजेत अडकला होता. दिवसभर तो बाहुलीला न्हाऊ घाली, ढेकर काढी, थोपटून झोपवी. बाहुली फार गुणी होती. संध्याकाळी घरी जाऊन मुलीला उचललं, की ती मात्र घर डोक्यावर घेई.

"अरे, मान धर तिची, मान!" बायको ओरडायची.

"परीक्षेत मानेला गुण नाहीत गं," तो कळवळून सांगायचा.

परीक्षेच्या दिवशी नेमका बायकोला ताप भरला. आई तिला घेऊन दवाखान्यात गेली आणि हा मुलीला घेऊन ऑफिसात. बाहुली कपाटातून काढण्यापुरतं त्याने मुलीला टेबलावर ठेवलं. तेवढ्यात तीन परीक्षक आत आले. तिघांची मिळून अकरा मुलं (असं त्यांच्या बायका सांगतात).

"नवीन मॉडेल दिसतंय," म्हणत मोठ्या साहेबांनी मुलीला मांडीवर घेतलं. तिने भोकाड पसरलं. दुसऱ्याने पाठीवर बटण शोधलं. मग साहेबांची पँट ओली झाली.

"गळती आहे," साहेब म्हणाले.

"सील गेलंय," तिसऱ्याने निदान केलं.

"साहेब, ती माझी मुलगी आहे!"

"असेल. पण बाहुली कुठाय?"

मंजूर नसलेलं साहित्य वापरल्याबद्दल ड्राफ्ट्समन नापास झाला. परीक्षकांना झालेला मानसिक त्रास पाहता त्यांना आठवडाभर पगारी रजा मिळाली (पितृत्व खात्यातून). या गोंधळात ड्राफ्ट्समनने मुलीला खांद्यावर घेतलं होतं, मानेला हात देऊन. ती चक्क झोपली. त्याला इतका आनंद झाला की तो क्षणभर रजाच विसरला. दुसऱ्या दिवशी मुलगी घरी आणि तो पुन्हा ऑफिसात, बाहुलीपाशी.

वाचक पुरुष असल्यास त्यांना हसू आलं असेल. तीन परीक्षक ही काय माणसं आहेत, असंही वाटलं असेल. पण ही गोष्ट आपण एका बैठकीत, कुणी मध्ये न रडता, शेवटपर्यंत वाचू शकलात. तेव्हा आता जरा उठा आणि आपलं पोर सध्या कुणाकडे आहे, ते बघून या.