अडकला असाल तर तीन दाबा

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या ऑफिसात आठवडाभर फोनवरून वाद चालला होता. लेकीला सगळे कॉल क्लाउडवर न्यायचे होते आणि मालकांना तीस वर्षांची टेलिफोन कंपनी काही केल्या सोडायची नव्हती.

"दोनशे लिफ्टमधल्या पितळी पाट्यांवर आपला नंबर कोरलाय," मालक म्हणाले. "कंपनी बदलताना तो तासभर जरी बंद पडला आणि तेवढ्यात कुणी अडकलं तर?"

"कंपनी तीच ठेवू, बाबा. नंबर तोच, लाइनही त्यांचीच. फक्त कॉल क्लाउडवरून फिरून आपल्या माणसांकडे येतील. तशी सोय असते."

"टेबलावरचा फोन निदान दिसतो तरी," मालक पुटपुटले, पण तयार झाले. स्वागताचा संदेश मात्र आपल्याच आवाजात हवा म्हणून हटून बसले. 'नवीन लिफ्टसाठी एक दाबा, बिलासाठी दोन, अडकला असाल तर तीन,' हे त्यांनी नऊ वेळा रेकॉर्ड करून घेतलं.

प्रश्न राहिला मावशींचा. बावीस वर्षं फोन उचलायचं काम त्यांचं. आता फोनच स्वतःला उचलणार म्हटल्यावर त्यांनी खुर्चीतली उशी उचलली, "बरंय" म्हणाल्या आणि घरी गेल्या. मालकांना दिवसभर चुटपुट लागून राहिली.

"बाबा, कुणी काहीच दाबलं नाही तर कॉल कुणाला द्यायचा?" फॉर्म भरताना लेकीने विचारलं.

"मावशींच्या घरी दे. येणार कुणाचा नाही, पण त्यांना आपलं बरं वाटेल."

सोमवारी नवी व्यवस्था सुरू झाली. दुपारपर्यंत अडकल्याचा एकही कॉल आला नाही. "बघ, लिफ्टनासुद्धा शिस्त लागली," म्हणत मालक खुशीत एका जुन्या इमारतीत तपासणीला गेले. मोबाइल टेबलावर चार्जिंगलाच राहिला. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध लिफ्ट थांबली.

मालक घाबरले नाहीत. आतला लाल फोन त्यांनीच बसवला होता. एकच बटण, दाबलं की थेट ऑफिस. त्यांनी ते दाबलं.

"नमस्कार. नवीन लिफ्टसाठी एक दाबा..."

स्वतःचा आवाज त्यांना क्षणभर आवडलाही. मग तीन दाबायला त्यांनी बोट पुढे केलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. तीन होतं कुठे? या फोनला एकच बटण होतं. दोनशेच्या दोनशे फोनना एकच बटण होतं.

संदेश दोनदा वाजून संपला. मग कुठेतरी रिंग गेली.

"दाराला टेकू नका. पत्ता सांगा," मावशींचा आवाज आला.

"मावशी, मी बोलतोय."

"तुम्ही कोण ते मागाहून. आधी पत्ता."

मालकांनी निमूटपणे पत्ता सांगितला आणि हळूच म्हणाले, "मावशी, मी. ऑफिसातला."

"अगंबाई, साहेब! सकाळपासून तुम्ही सहावे. पाच जणांना काढलं बाहेर. मेकॅनिकांचे नंबर पाठच आहेत मला. तुम्हाला कळवावं म्हणून ऑफिसला फोन केला, तर तुम्ही आपले एक दाबा, दोन दाबा. माझं ऐकूनच घेईनात. म्हटलं, कामात असतील."

मालक लिफ्टच्या फरशीवर बसले. म्हणाले, "मावशी, उद्या उशी घेऊन या."

"येते. आधी तुम्ही बाहेर तर या. माणूस निघालाय. आणि साहेब, तोवर काहीही दाबू नका."