अध्यक्षांचं वजन एक क्विंटल

दाणे बाजाराच्या व्यापारी मंडळाचं अध्यक्षपद गेली एकतीस वर्षं साखरेच्या एका पोत्याकडे आहे. साखरवाले आणि डाळवाले एकमेकांचा माणूस खुर्चीवर बसू देईनात, तेव्हा तोडगा निघाला: साखर साखरवाल्यांची, बारदान डाळवाल्यांचं. कारभार सोपा. प्रश्न विचारायचा आणि नमुना काढायची पोकळ सळई अध्यक्षांच्या कुशीत खुपसायची. साखर घरंगळली तर होकार, नाही तर नकार.

सुरुवातीला होकार भरपूर पडले. मग पावसाळ्यामागून पावसाळे ओल धरून अध्यक्ष आतून दगड झाले. चौदा वर्षांत कणभर साखर पडली नाही. त्यामुळे बाजारात नवा रस्ता नाही, बायकांसाठी मुतारी नाही. म्हाताऱ्यांची काही तक्रार नव्हती. ‘अध्यक्ष फार विचारी आहेत,’ असं ते सांगत. नाही आपण म्हणायचं आणि पाप पोत्याच्या माथी मारायचं, याहून सोयीचं म्हातारपण कुठं मिळणार?

गौरा निलंगेनं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, ते वडील गेल्यावर त्यांचा अकरा नंबरचा गाळा चालवायला. तीन वर्षं ती पोहे, साबुदाणा, तूरडाळ ठोक भावानं विकत होती. गाळा मात्र अजून मेलेल्या माणसाच्या नावावर. यंदा तिचं नाव लागलं नाही, तर मंडळ तो तिच्या चुलत्याला, महारुद्रअप्पांना देणार, असं सगळे धरूनच चालले होते.

“गाळा गौराच्या नावावर करावा का?” सभेत चिटणीस विरूपाक्षअप्पांनी विचारलं आणि सळई खुपसली. ती चार बोटं आत जाऊन अडली.

“नकार,” त्यांनी लिहून घेतलं.

“दगड झालाय त्यांचा,” गौरा म्हणाली. “हमालांना सांगा, चारी कोपऱ्यांवर आपटतील. गठ्ठा झालेलं पोतं करतात तसं मोकळं.”

“अध्यक्षांना आपटायचं?” महारुद्रअप्पा ओरडले. “शिकली असतीस तर अक्कल आली असती!”

“तुम्ही शाळेची पायरी तरी चढलात का, काका?”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

गौरा उभीच होती. आयुष्यभर या माणसांनी तिच्या बापाला ‘बघू, विचारू’ म्हणून खेळवलं होतं. स्वतःला काय हवं ते त्यांनी कधी विचारलं होतं? ते तर सरळ घेत आले.

“पुढचा प्रश्न माझा,” ती म्हणाली. “गाळा महारुद्रअप्पांना द्यावा का?”

चिटणीसांनी नियमांची वही चाळली. प्रश्न कुणी विचारायचा, हे तिच्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सळई खुपसली. काही पडलं नाही.

“नकार.”

“आणि गौराकडून गाळा काढून घ्यावा का?”

या वेळी चिटणीसांनी जागा बदलली, खालून खुपसली, सळई गोल फिरवली. घाम त्यांचाच पडला.

“नकार,” त्यांनी लिहिलं.

“मग असला अध्यक्ष हवाय कशाला? बदला त्याला!” महारुद्रअप्पा तांबडेलाल झाले.

“विचारून बघतो,” चिटणीस गंभीरपणे म्हणाले. अध्यक्ष बदलावा का, हे त्यांनी रीतसर विचारलं. अध्यक्षांचा त्यालाही नकार होता. सगळ्यांनी तो मान्य केला आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरा साबुदाण्याची पोती लावत असताना महारुद्रअप्पा गाळ्यासमोर येऊन थांबले.

“कुणाच्या नावानं बसलीयस इथं?”

“कुणाच्याच नाही, काका. पोहे हवेत का? जाडे की पातळ?”

अप्पांनी वर मेलेल्या भावाच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पातळ,” ते म्हणाले.