सासऱ्यांचे बूट आणि माझी सरसकट माफी

जुनी वस्तू फेकणं हा गुन्हा आहे, असं माझं ठाम मत आहे. (माझी सगळीच मतं ठाम असतात. कॉलेजात लागलेली सवय लग्नानंतरही सुटलेली नाही.) त्यामुळे रमजानच्या विसाव्या दिवशी, रोजा सोडताना सासरे म्हणाले, "मला नवे बूट घ्यावे लागतील," तेव्हा माझ्या तोंडातला खजूर जागच्या जागी थांबला.

माझे सासरे, पाक सुकिर्मान (जावात बाबांना आदराने 'पाक' किंवा 'बापक' म्हणतात), सुराबायाच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डर होते. त्यांच्या हातचं पहिलं जहाज ईदनंतर पंधरा दिवसांनी भंगारात निघणार होतं. त्याला निरोप द्यायला जुन्या कामगारांना कामाच्या वेशात बोलावलं होतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मिळालेले बूट सासऱ्यांनी अकरा वर्षं खोक्यात, कागदात गुंडाळून जपले होते.

"टाचेकडून जरा उकललेत," ते म्हणाले.

"बापक, दुरुस्त न होणारी वस्तू अजून जन्माला यायचीय! मी करून आणतो."

"प्रोफेसरला भूक लागलीय. भात वाढा," सासरे सासूबाईंना म्हणाले.

मी प्रोफेसर नाही. वॉर्ड कचेरीत कंत्राटी कारकून आहे. माझं नाव दामार. पण त्यांच्या घरात राहायला येऊन दोन वर्षं झाली तरी त्या तोंडातून ते नाव एकदाही निघालं नव्हतं. हे बूट नीट करून दिले की निघेल, असं मला वाटलं.

"हातात घेऊन जा," बायको केनांगाने बजावलं.

मी घालून गेलो. (माझ्या 'फेकण्याआधी विचार करा' मोहिमेचा चालताबोलता प्रचार!) कातडं आरशासारखं चकाकत होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पाय जरा मऊ पडतायत एवढंच जाणवलं.

"दामार, तुझ्या मागून काय सांडतंय रे?" अंगण झाडणाऱ्या शेजारीणबाईंनी विचारलं.

मागे पाहिलं. घरापासून इथपर्यंत जळक्या केकसारखा काळा भुगा पडला होता आणि तो टिपत चार कोंबड्या माझ्या मागून मिरवणुकीने येत होत्या. उरलेला रस्ता मी जवळजवळ मोज्यांवर काढला.

मशिदीच्या कोपऱ्यावर चाक मुनाजी (चाक म्हणजे आमच्याकडे दादा) चांभार बसतो. त्याने बूट उलटा करून अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"कातडं फर्स्ट क्लास. तळ मेलाय."

"मी मारला?"

"छे! खोक्याने मारला. आपल्या दमट हवेत नुसता ठेवला की हा फोमचा तळ आतल्या आत कुजतो. पायात राहिला असता तर अजून टिकला असता."

"दुरुस्त होईल?"

"होईल की. जुना तळ मुळापासून खरवडायचा, खाली नवं रबर चिकटवून शिवायचं. पण ईदनंतर. उद्या मी मादुरा बेटावर गावी चाललो. दहा दिवसांत येतो. घाई करू नका, साहेब."

दहा दिवस! देश याच वृत्तीने मागे राहिला. मला ते बूट ईदच्या सकाळी सासऱ्यांच्या पायात हवे होते. मी स्कूटरचा जुना टायर कापला, डबाभर गोंद आणला आणि उरलेल्या भुग्यावरच रबर चिकटवलं. (खरवडायला कुणाला वेळ आहे?) दिवसभर ते तांदळाच्या पोत्याखाली दाबले आणि ईदच्या आदल्या दिवशी मागच्या अंगणात घालून पाहिले. पाऊल पुढे आलं. तळ मागेच राहिले, लग्नघराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखे, शेजारी शेजारी.

मी बूट खोक्यात घातले, खोकं कपाटात. मुनाजी आला की बघू. तोवर कुणाला कशाला कळायला हवं?

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ईदला आमच्याकडे थोरांच्या गुडघ्यांशी वाकून कळत-नकळत झालेल्या सगळ्या चुकांची माफी मागतात. हा मला शुद्ध पळपुटेपणा वाटायचा. रमजान लागताच मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'सरसकट माफी ही पळवाट आहे! यंदा प्रत्येकाने आपली चूक नाव घेऊन सांगावी!'

ईदच्या सकाळी सासरे वेताच्या खुर्चीत बसले. माझ्यामागे मेहुणा, त्याची बायको, मुलं अशी मोठी रांग. मी गुडघ्यांवर बसलो, कपाळ त्यांच्या गुडघ्याला टेकवलं आणि जुनी रीत किती सुंदर आहे ते मला प्रथमच कळलं.

"बापक, कळत-नकळत झालेल्या सगळ्या चुका पोटात घाला."

वरून शांतपणे आवाज आला, "नाव घे, प्रोफेसर."

"अं?"

"ग्रुपवर वाचलं मी. चष्मा लावून वाचलं. नाव घे."

"लवकर घ्या हो भावजी," मागून मेहुणा, "कोंबडीचा रस्सा गार होतोय."

मी सांगितलं. भुगा, टायर, पोतं, सगळं. गुडघा जरासा थरथरला. रडतायत की काय म्हणून वर पाहिलं. ते हसू दाबत होते.

"आता माझी ऐक," सासरे म्हणाले. "टाच गेल्या वर्षीच माझ्या हातात आली होती. भात लावून चिकटवली आणि ठेवून दिली. कुणाला सांगायची लाज वाटली. एकतीस वर्षं लोखंड जोडलं, आणि स्वतःचे बूट सांभाळता आले नाहीत. तू दुरुस्त करतो म्हणालास, तेव्हा वाटलं, जमलं तर जमलं."

मला काही बोलता येईना. (केनांगाच्या मते हा ईदचा चमत्कार होता.)

मुनाजी सांगितल्या दिवशी परतला. त्याने जुना तळ पार खरवडला, जाड रबर बसवून चौफेर शिवलं. निरोपाच्या सकाळी सासरे ते बूट घालून अंगणात धाडधाड फिरले. भुगा नाही. कोंबड्या लांबूनच निराश होऊन पाहत होत्या.

"दामार!"

मी धावलो. माझे डोळे भरून आले होते.

"ते बुटांचं खोकं आधी कचऱ्यात टाकून ये. आता हे रोज पायात राहणार."

चांगलं धडधाकट खोकं! पण त्या हाकेपुढे माझं काही चालेना. आयुष्यात पहिल्यांदा मी एक चांगली वस्तू मुकाट्याने कचरागाडीत टाकली. (जरा जड लागलं, पण भावनेच्या भरात असं वाटतं.)

संध्याकाळी माझ्या 'फेकण्याआधी विचार करा' मोहिमेची तीनशे पत्रकं सापडेनात.

"आवराआवर करताना मी त्या रिकाम्या खोक्यात नीट भरून ठेवली होती," सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "आणि माफी मी ईदलाच मागून ठेवलीय हं. सरसकट."