गुरुसिद्धप्पाच्या टीव्हीतला चौकोनी चेंडू

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटूच नये! मलाच कुणी हे सांगितलं असतं, तर मी आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला असता. पण झालंय ते माझ्याच हातून. आणि मी उभा जन्म गिरणीत जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. असला माणूस थापा मारील का? तर ऐका. आमच्या सोलापुरात, या अठ्ठ्याहत्तर साली, परवाच्या मंगळवारी, टीव्हीतला चेंडू मी टीव्हीच्या बाहेर मारला.

हसा. हसून घ्या!

समोर आमची मंडळी, सोजरबाई, उखळात शेंगा कुटतेय. मी लिहितो ते मोठ्यानं वाचतो आणि ती ऐकते. चटणीत तिखट आणि गोष्टीत हुंकार, दोन्ही ती हात राखून घालते.

"टीव्ही कुणाचा ते तरी सांगा की आदी," ती म्हणते.

सांगतो. टीव्ही गुरुसिद्धप्पाचा. सुताचा व्यापारी, आमच्या पेठेतला एकुलता एक श्रीमंत. आता सोलापुरात टीव्हीवर काय दिसतं? काही नाही! मुंबई-पुण्याचं चित्र तिकडून निघतं खरं, पण टेंभुर्णीपर्यंत येता येता धापा टाकत खाली बसतं. तरी गुरुसिद्धप्पाच्या पुण्याच्या मेहुण्याकडे टीव्ही होता, म्हणून यालाही पाहिजेच. आणला. छपरावर खांब रोवला, त्यावर कावळ्यांची सोय केली. पेटीला हळदकुंकू लावलं, हार घातला, बटण दाबलं, आणि पडद्यावर मुंग्या! वारूळ फुटल्यासारख्या मुंग्या! पण गुरुसिद्धप्पा तासभर मान डोलावत बघत बसला.

"काय दिसतंय म्हणायचं, अण्णा?" मी विचारलं.

"बातम्या हायत की बे! जरा बारीक हायत, इतकंच."

तेव्हापासून टीव्ही क्रोशाच्या रुमालाखाली, डोक्यावर पदर घेतलेल्या नव्या सुनेसारखा गप्प बसून होता. बसू दे की! कुणाला त्याची गरज होती? पेठेचा टीव्ही मी होतो. रंगाच्या जुन्या हौदाचा कट्टा आहे, तिथं संध्याकाळी माग थांबले की माणसं यायची. मंद्रूपच्या बाजारात मी एकच बैल दोनदा विकला आणि तिसऱ्यांदा बैलच मला विकायला निघाला, ती गोष्ट तर लोक मागून मागून ऐकायचे. चहा त्यांचा, विडी त्यांची, गोष्ट माझी. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय लागतं? समोर चार उघडी तोंडं. बस्स!

ती तोंडं इसूफनं पळवली.

इसूफ म्हणजे माझ्या गिरणीतल्या जोडीदाराचा, इलाहीबक्षचा थोरला. कुवेतला गेला होता, तो अत्तराचा वास आणि भली मोठी पेटी घेऊन परत आला. पेटीतून एकेक वस्तू बाहेर काढायला लागला आणि पेठ आ वासून बघायला लागली. मी सोडून!

आधी घड्याळ. काळं ठिक्कर तोंड, काटे नाहीत, आकडे नाहीत. वेळ बघायची तर दुसऱ्या हातानं बटण दाबायचं, मग लाल आकडे पेटतात. म्हणजे वेळ बघायला दोन हात! ज्याच्या एका हातात भाजीची पिशवी आहे त्यानं काय करायचं? रस्त्यातल्या माणसाला बोलवायचं, "अहो, जरा माझी वेळ दाबता का?"

मग मुठीत मावणारी एक डबी. तिच्यात म्हणे मोटारीची शर्यत. मी डोळ्याला लावून बघितली. मोटार नाही, रस्ता नाही, नुसता एक लाल ठिपका इकडून तिकडं उड्या मारतोय. असला ठिपका बघायला कुवेतला कशाला जायला पाहिजे? अंधारात टेंभुर्णीच्या फाट्यावर उभं राहावं, वाटेल तेवढ्या ट्रकांची ढुंगणं लाल दिसतात. आणि फुकट!

आणि सगळ्यात शेवटी तो नारिंगी डबा. टीव्हीचा खेळ. दोन बाजूंना दोन गोल मुठी, मागे एक वायर. वायर टीव्हीला जोडायची. इसूफच्या घरी टीव्ही नव्हता आणि गुरुसिद्धप्पाच्या टीव्हीत काही नव्हतं. झालं! सोयरीक जुळायला कितीसा वेळ लागतो?

पहिल्या संध्याकाळी मीही गेलो होतो. नुसता बघायला. मुंग्या गेल्या आणि पडदा काळा झाला. डावीकडे एक पांढरी पट्टी, उजवीकडे एक पांढरी पट्टी, आणि मध्ये एक चौकोनी ठिपका. मूठ फिरवली की पट्टी वरखाली होते आणि ठिपक्याला अडवते. टुक! टुक!

"हा चेंडू," इसूफ म्हणाला.

"चौकोनी?"

"समजायचा गोल, आबाचाचा."

समजायचा! खेळसुद्धा समजून खेळायचा! कॅरम बघा आमचा. सोंगटीवर पावडरचा वास असतो. स्ट्रायकर लागला की नखाला झिणझिण्या येतात. आणि मुख्य म्हणजे भांडता येतं. "बोट पुढं सरकलं!" "कुणाचं सरकलं?" "तुझ्या बापाचं!" या डब्यात गुण डबाच मोजतो आणि डबाच जाहीर करतो. भांडायचं कुणाशी, वायरशी? ज्या खेळात भांडता येत नाही तो खेळ नव्हे, ते ऑफिस.

पण पहिल्या संध्याकाळी जे झालं ते विसरणार नाही. ठिपका इकडून तिकडं पळत होता, अगदी मागावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यासारखा. खोलीत बसलेले सगळे विणकर. त्यांच्या माना धोट्याबरोबर हलत होत्या. तेवढ्यात गुरुसिद्धप्पाची पट्टी चुकली आणि ठिपका पडद्याच्या कडेतून सुसाट बाहेर गेला.

"धोटा उडाला!" इलाहीबक्ष ओरडला, आणि अख्खी खोली भुईसपाट!

तुम्ही गिरणी बघितली नसेल म्हणून सांगतो. धावता धोटा कधी कधी मागातून सुटतो. त्याच्या टोकाला लोखंड असतं, तो बंदुकीच्या गोळीसारखा येतो. शहाणा विणकर आधी खाली वाकतो, मग विचारतो कुणाचा होता. तसे सगळे वाकले. मीही वाकलो. उभा राहिला एकटा इसूफ, पोट धरून हसत.

"अब्बा, टीव्ही आहे तो! टीव्हीतनं काय बाहेर येतंय!"

इलाहीबक्ष कपडे झटकत उठला. त्याच्या भुवईवर धोट्याची जुनी खूण आहे. ज्या पगारावर इसूफ शिकला, त्या पगाराची ती पावती. पोरगा हसत होता आणि बाप खूण चोळत होता. मी घरी आलो आणि जेवलो नाही.

"दोन भाकरी खाल्ल्या की," सोजरबाई कुटता कुटता म्हणाली.

मनातून जेवलो नाही!

दुसऱ्या दिवसापासून कट्टा ओस. एकेक जण हौदासमोरून जायचा, मला बघून चालण्याचा वेग वाढवायचा. सिद्धाराम तर माझा सगळ्यात जुना श्रोता. त्याला मी दंडाला धरून थांबवलं.

"सिद्ध्या, बैलाची गोष्ट?"

"उद्या, आबा! माजा नंबर लागलाय तितं!"

"अरे, पण शेवट नवा केलाय!"

"उद्या!"

इलाहीबक्षसुद्धा जायचा. "क्या करूं आबा, पोराचा डबा हाय," म्हणायचा. मी बैलाची गोष्ट हौदाला सांगितली. हौद रिकामा आहे, निदान आवाज तरी परत देतो.

शेवटी मी गुरुसिद्धप्पाच्या दारात उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "इसूफ, सामना! तू आणि मी. मी जिंकलो, तर डबा पेटीत आणि माणसं कट्ट्यावर."

"आन हारलास तर काय बे?" गुरुसिद्धप्पानं विचारलं. सगळ्यांच्या आधी त्यालाच घाई!

"हरलो, तर तोंडाला कुलूप. या पेठेत पुन्हा एकही गोष्ट सांगणार नाही."

मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, 'नको आबा, एवढं नको.' कुणी म्हणालं नाही. उलट मागून कुणीतरी टाळी वाजवली! माणसाची किंमत अशी भर सभेत कळते.

इसूफ बिचारा म्हणाला, "चाचा, खेळ हाय हो. पैज कशाला?"

"कुलूप कुठलं, ते ठरवा," मी म्हणालो. "अलीगढचं आणा."

सामना मंगळवारी भर दुपारी ठरला. वीजकपातीमुळे मंगळवारी आमच्या पेठेतले माग दिवसभर बंद, त्यामुळे माणसं मोकळी. लोटली की हो पेठ! खोलीत माणूस, ओसरीवर माणूस, खिडकीच्या गजाला माणूस लोंबकळतोय. गुरुसिद्धप्पानं नवा रुमाल बांधलेला. त्याची म्हातारी आई बाळाबाई कोपऱ्यात पानाचा डबा उघडून बसलेली. इसूफनं मूठ धरली. मी मूठ धरली. आणि मी डोळे मिटले.

"आबा झोपला!" कुणीतरी ओरडलं.

झोपतोय कसला! अरे, शंभर मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धोटा पिसाळलाय ते मी पाठ फिरवून सांगायचो. हा तर एकच! टुक म्हणजे त्याची पट्टी. टुक म्हणजे माझी. दोन टुकांच्या मधल्या सुस्काऱ्यावरून मला ठिपका कुठं आहे ते कळत होतं. टुक, टुक! टुक, टुक! इसूफच्या कपाळावरून घाम ओघळला.

"डोळे मिटून खेळत होता न्हवं? मग घाम कसा दिसला?" सोजरबाई.

घामाचा आवाज येतो! तू कूट!

तर बरोबरी झाली. शेवटचा डाव. ठिपका जाऊन येऊन, जाऊन येऊन तापायला लागला. पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबडा. चहा आला, गार झाला, परत गेला. पडद्यातून जळक्या सुताचा वास यायला लागला. गुरुसिद्धप्पा हात जोडून म्हणाला, "आबा, टीव्ही नवा हाय रे! हार की लेका!"

"आधी माणसं परत दे!" मी ओरडलो आणि मूठ अशी पिळली, अशी पिळली, की ठिपका इसूफच्या पट्टीवर आदळला, उलटा फिरला, पडद्याच्या पोटात घुसला, आणि फट्! बाहेर!

"धोटा उडाला!" अख्खी पेठ आडवी! खिडकीतली माणसं बाहेरच्या बाहेर गळून पडली. गुरुसिद्धप्पा टीव्हीला मिठी मारून आडवा. उभा एकटा इसूफ. त्याच्या कानाला चाटून ठिपका गेला, भिंतीवरच्या कॅलेंडरला भोक पाडलं, पंख्याच्या पात्यावर आपटला आणि थेट बाळाबाईच्या पानाच्या डब्यात! म्हातारीनं झाकण लावलं आणि म्हणाली, "कात जरा जास्तच गरम हाय बाई!"

टीव्हीची काच? शाबूत! ओरखडा नाही. म्हणून तर तुम्ही आज गेलात तर तुम्हाला काही दिसणार नाही. बाळाबाईचा डबा कानाला लावा मात्र. अजून आत टुक टुक करतंय.

मग इसूफ वाकला. पहिल्यांदा वाकला! बापाच्या भुवईवरच्या खुणेला हात लावून म्हणाला, "अब्बा, चुकलो. येतंय बाहेर." इलाहीबक्षच्या डोळ्यांत पाणी. सिद्धारामनं मला खांद्यावर घेतलं. वाजतगाजत सगळी पेठ हौदाच्या कट्ट्यावर आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि एका आवाजात म्हणाली, "आबा, बैल!"

मुसळ थांबलं.

"अवं," सोजरबाई म्हणाली, "मंगळवारी माग कशापायी बंद असत्यात?"

"वीजकपात. लिहिलंय की वर."

"मग टीव्ही कशावर चालला?"

मी कागदाकडं बघितलं. टीव्ही कशावर चालला, ते कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"बॅटरीवर," मी म्हणालो.

"आन पंखा?"

मी चष्मा पुसायला घेतला. सोजरबाईनं उखळातली चटणी बोटानं चाखली, थोडं मीठ घातलं आणि मुसळ पुन्हा उचललं.

"मंगळवारी तुमी हौदावर एकलंच बसलावता. भाकरी म्याच घिऊन आल्ते न्हवं? आन येताना वाटेत बगितलं की. लाईट न्हवती, तरी समदी तितंच. बंद टीव्हीम्होरं मांडी घालून, लाईट कवा येतीया म्हणून वाट बगत बसली हुती."