उपायाची घाई नको

ज्याचा स्वतःचा विकास झालेला नाही, तो दुसऱ्याचं भलं करू शकत नाही. आणि जो दुसऱ्याचं भलं करत बसतो, त्याला स्वतःच्या विकासाला वेळ मिळत नाही. सेवाभावी क्षेत्राचं सगळं दुखणं एवढ्यात आलं. आमच्या संस्थेने त्यावर औषध शोधलं.

आमची संस्था गरजू रुग्णांना व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या असं साहित्य विनामूल्य वापरायला देते. (वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. विकास म्हणून काही नाही.) शेवटी संचालकसाहेबांनी परिपत्रक काढलं: प्रत्येक कर्मचाऱ्याने दैनंदिन कामात खंड न पाडता व्यावसायिक विकास साधावा, न साधणाऱ्याच्या कराराच्या नूतनीकरणाचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल. (सहानुभूतीपूर्वक विचार म्हणजे काय, हे आमच्या क्षेत्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.)

आधी विकास जेवणाच्या सुट्टीत बसवून पाहिला. त्याने विकास किती झाला सांगता येत नाही, पित्त मात्र सर्वांचं वाढलं. मग एका कानात इअरफोन घालून व्याख्यान ऐकायचं आणि दुसऱ्या कानाने खिडकीवरच्या माणसाचं, अशी वाटणी झाली. व्याख्यानाचा विषय होता ‘एकाग्रतेने कसे ऐकावे’. त्या आठवड्यात कुबड्या मागायला आलेल्या एका गृहस्थांना “फारच छान मुद्दा, पुढच्या स्लाइडवर येतोच आहे,” असं उत्तर मिळालं. ते पुन्हा आले नाहीत. (निकाली निघालेल्या अर्जांत नोंद केली.)

तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं, की आपण गाडीला उलटे बैल जुंपतोय. कामात विकास बसत नसेल, तर विकासात काम बसवावं. खिडकी बंद केली, पाटी लावली: ‘आम्ही तुमच्यासाठीच शिकत आहोत. कृपया उद्या या.’ आणि झाडून सगळे कार्यशाळेला सभागृहात जाऊन बसलो.

नेमके त्याच दिवशी एक काका आले. बायकोचं खुब्याचं हाड मोडलेलं, रुग्णालयातली खाट चारच्या आत रिकामी करायची, आणि घराच्या गल्लीत गाडी शिरत नाही. व्हीलचेअर हवी. त्यांना पाटी वाचता येत होती, पण पटत नव्हती. ते सभागृहाच्या दारात येऊन उभे राहिले.

प्रशिक्षकबाईंना लाभार्थ्याची भूमिका करायला माणूस हवाच होता. (हिशेबनिसांनी करून पाहिली होती, पण त्यांचा हात नाही म्हणण्यात बसलेला, मागण्यात नव्हे.) काकांना बघून बाई हरखल्या.

“या काका, बसा. तुम्ही एवढंच करायचं, यांच्याकडे व्हीलचेअर मागायची.”

“तीच मागायला आलोय.”

“वा! अस्संच. अगदी नैसर्गिक.”

सरावाचा विषय होता ‘उपायाची घाई न करता ऐकणे’. माणूस अडचण सांगतो तेव्हा त्याला उपाय नको असतो, कोणीतरी ऐकून घ्यावं एवढंच हवं असतं, असं बाईंचं संशोधन होतं.

पहिला नंबर किल्लीताईंचा. साहित्याच्या खोलीची किल्ली कायम त्यांच्या गळ्यात, म्हणून हे नाव. काका “माझी बायको... चारच्या आत...” एवढं म्हणतायत तोवर ताई दाराशी पोचल्याही.

“ताई, कुठे निघालात?”

“खुर्ची आणायला.”

“बघा, झाली ना घाई! त्यांना अजून व्यक्त व्हायचंय.”

“अहो बाई, त्यांना चारच्या आत पोचायचंय!”

“हे तुमचं गृहीतक झालं. बसा.”

ताई नापास झाल्या. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपणार, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. बसल्या.

मग आम्ही एकेक जण काकांसमोर बसलो. प्रत्येकाला त्यांनी पहिल्यापासून सांगितलं: बायको, खुबा, चार वाजता, गल्ली. आम्ही किंचित पुढे वाकलो, डोळ्यांत पाहिलं, योग्य जागी ‘हं’ म्हणालो. (‘हं’चे प्रकार सकाळच्या सत्रात झाले होते.) हिशेबनिसांनी तर चष्मा काढून पुसला. त्यांना जादा गुण. दर फेरीला काकांचा आवाज चढत गेला, पुढे कापरा झाला आणि शेवटी बसला. बाईंनी लिहून घेतलं, ‘सहभागी हळूहळू मोकळे होत आहेत.’

अखेर ताईंची फेरपरीक्षा. या खेपेस त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि काकांचं शेवटपर्यंत ऐकलं.

“हं,” म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

“काका, कसं वाटलं?” बाईंनी विचारलं.

“बरं वाटलं. एवढं तर माझ्या सख्ख्या भावाने कधी ऐकलं नाही. आता खुर्ची द्या.”

“पाहा,” बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सत्र संपलं तरी भूमिका सोडत नाहीत!”

ताई कुलूप काढून खुर्ची घेऊन आल्या तेव्हा चार कधीच वाजून गेले होते आणि काकाही निघून गेले होते. काकू घरी आल्या त्या रुग्णालयाच्या उपाहारगृहातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. पुढून पहारेकऱ्याने धरली, मागून काकांनी. गल्लीत दोनदा टेकवावी लागली. (काका ती खुर्ची लगेच परतही करून आले. घाई त्यांच्या स्वभावातच दिसते.)

कार्यशाळेचा निकाल शंभर टक्के लागला. देणगीदार खूश आहेत. त्यांनी अशा आणखी कार्यशाळांची तरतूद केली आहे. साहेबांच्या मते ताईंमध्ये झालेला बदल तर थक्क करणारा आहे. हल्ली त्या खिडकीवर कोणाचंही सगळं ऐकून घेतात.

काही वाचकांना आतापर्यंत आमचा संताप आला असेल. त्यांना एवढंच सांगतो, की काका दारात आल्यापासून त्यांचं सगळं तुम्हीही ऐकून घेतलंत. योग्य जागी चुकचुकलात, मधे एकदोनदा हसलातही, आणि जागचे हलला नाहीत. हे कोणी न शिकवता जमणं सोपं नाही. नाव कळवा, प्रमाणपत्र घरपोच पाठवू.